बेचाळीस मालकांचा मळा

आमच्या शाळेला फेब्रुवारी महिन्यात कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती शिकवायची आहे, ही गोष्ट एकतीस जानेवारीला दुपारी सव्वातीन वाजता लक्षात आली. तोवर ती फाइलमध्ये होती आणि फाइल कपाटात होती, त्यामुळे विषयाकडे दुर्लक्ष झाले असे कोणालाही म्हणता येणार नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. शाळा बोरिवली पश्चिमेला आहे. गेल्या वर्षी तिने परदेशातल्या एका संस्थेकडे 'जागतिक दर्जाची शाळा' अशी पाटी मिळावी म्हणून अर्ज केला. पाटी पितळेची असते आणि फाटकावर लागते. शेजारच्या दोन शाळांच्या फाटकांवर ती लागली होती, त्यामुळे आमच्या मुलांच्या शिक्षणात मोठी उणीव राहून जात होती. संस्थेने अकरा अटी घातल्या. दहा पूर्ण झाल्या. अकरावी अशी होती की चित्रपटांच्या माध्यमातून विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीयांचा इतिहास व संस्कृती शिकवावी आणि शिकवल्याचा पुरावा म्हणून चार फोटो पाठवावेत.

मी लवू साटम. एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक आहे आणि शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा सदस्य सचिव आहे. माझी मुलगी रुचिरा आठवी ब मध्ये शिकते. सदस्य सचिवाला मत नसते, सही असते. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडले त्यात माझी सही सगळीकडे आहे.

काम इतिहासाच्या शर्लिन मिसकडे गेले. त्या मनोरीच्या. रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्व्याला येतात आणि तिथून बस धरतात. आश्चर्य म्हणजे त्यांची तयारी नोव्हेंबरपासून झालेली होती. त्यांनी आठ चित्रपटांची यादी दिली. एक गाणाऱ्या बायकांवर होता, एक केशकर्तनालयावर, एक स्वयंपाकावर, एक शास्त्रज्ञ भावंडांवर. मुख्याध्यापिका ऋता मॅडमनी यादी दोनदा वाचली आणि विचारले, "यात साखळ्या कुठे आहेत?" शर्लिन मिस म्हणाल्या, इतिहास म्हणजे नुसत्या साखळ्या नव्हेत. त्यावर मॅडम म्हणाल्या की ते खरे असले तरी फोटोत साखळ्या चांगल्या येतात.

शिवाय मिसनी पहिल्याच तासाला फळ्यावर कोकणचा किनारा काढला आणि आफ्रिकेतून आलेले सिद्दी शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर कसे राहिले, लढले आणि राज्य करून गेले, ते सांगितले. काही पालकांनी लगेच हरकत घेतली. जंजिऱ्याला आम्ही सगळेच जाऊन आलो आहोत, होडीतले फोटोही आहेत. तो किल्ला आहे, तिथे पाय दुखतात. त्याचा कृष्णवर्णीयांशी संबंध जोडून विषय घरापर्यंत आणण्याचे कारण काय, असे त्यांचे म्हणणे होते. मी हरकत नोंदवून घेतली.

चार फेब्रुवारीला आठवी ब ला पहिला चित्रपट दाखवला. अमेरिकेतल्या एका गावातली मुलगी, तिला बसमध्ये बसू देत नाहीत म्हणून आजोबांबरोबर रोज पायी शाळेत जाते, एवढीच गोष्ट. देखरेखीसाठी मी मागच्या बाकावर होतो. बेचाळीस मुले आणि अडतीस मिनिटे, पण एकही मूल पाणी प्यायला उठले नाही. दिवे लागल्यावरही कोणी बोलेना. या शाळेत शांतता फक्त नापासांची यादी वाचताना असते, म्हणून मला काळजी वाटली. ती पुढे खरी ठरली.

कारण मिसनी गृहपाठ दिला. 'रंगावरून तुम्हाला कोणी काही म्हटले किंवा तुम्ही कोणाला म्हटले, असा एक खरा प्रसंग लिहा.'

मुलांनी खरा प्रसंग लिहिला. शिक्षणक्षेत्रात असे सहसा घडत नाही, त्यामुळे कोणाचीच तयारी नव्हती. कोणाच्या ताईला तीन स्थळांनी परत पाठवले होते. कोणाच्या आईने बाळंतपणात आठ महिने केशर खाल्ले होते आणि नवव्या महिन्यात कंटाळा केला, म्हणून धाकटा तसा झाला, असे तिचे मत होते. कोणाच्या इमारतीत वॉचमनचे नाव वेगळेच असताना सगळे त्याला भलत्याच नावाने हाक मारत होते आणि तो ओ देत होता. वह्या घरी सहीला गेल्या. दुसऱ्या दिवशी एकतीस तक्रारी आल्या. चित्रपटाबद्दल त्यात एकही नव्हती.

रुचिराची वही माझ्याकडे सहीला आली. तिने लिहिले होते, 'माझ्या ओळखपत्रावरचा फोटो बाबा दर वर्षी फोटोवाल्याकडून उजळून घेतात. ते त्याच्या शेजारी उभे राहतात आणि म्हणतात, अजून थोडं कर. त्या कार्डावर जी मुलगी आहे तिला मी ओळखत नाही. बहुतेक ती माझ्या जागी शाळेत येत असावी.'

मी सही केली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सात तारखेला 'कृष्णवर्णीय इतिहास व संस्कृती चित्रपट समिती' स्थापन झाली. अध्यक्ष शाळेचे विश्वस्त नाना सामंत, ज्यांचे स्टेशनजवळ रंगाचे दुकान आहे. रंगाचा विषय असल्याने ही निवड योग्यच होती. सदस्य ऋता मॅडम, सचिव मी. समितीने असा निष्कर्ष काढला की बाहेरचे चित्रपट धोकादायक असतात, कारण ते पाहून मुलांना काय वाटेल हे आधी ठरवता येत नाही. तेव्हा शाळेने स्वतःच चित्रपट काढावा, त्यात शाळेचीच मुले असावीत आणि तो त्याच मुलांना दाखवावा. पुराव्याचा प्रश्नही सुटतो. कॅमेरा संगणकाच्या निलेश सरांकडे होता. दिग्दर्शन शर्लिन मिसवर टाकले, म्हणजे पुढे जबाबदारी ठरवायला अडचण नको.

मिसनी चिडचिड न करता तीन दिवसांत कथा लिहिली. ज्या काळात आणि ज्या मुलखात गुलाम केलेल्या माणसांना अक्षर शिकवणे हा गुन्हा होता, तिथे मळ्यावर राबणारी एक बाई कोठारात चोरून मुलांना लिहायला शिकवते. मालकांना कळते. ते येऊन पाट्या फोडतात. बाई दुसऱ्या दिवशी जमिनीवर बोटाने अक्षर काढते. कथा समितीने एकमताने मंजूर केली, कारण त्यात साखळ्या होत्या.

पालकांना संमतिपत्र पाठवले. त्यात दोन रकाने होते, 'मालक' आणि 'गुलाम'. मिस म्हणाल्या, "साटम सर, ती माणसं गुलाम नव्हती. त्यांना गुलाम केलं होतं. तसं लिहा." मी फरक मान्य केला. पण रकाना लहान होता.

एकेचाळीस पत्रे 'मालक'वर खूण होऊन आली. कोणी लिहिले, मुलामध्ये नेतृत्वगुण आहेत. कोणी लिहिले, आमच्या घराण्यात गुलामीची परंपरा नाही. एका आईने विनंती केली की मालकाची मुलगी असली तरी चालेल, पण थोरली. बेचाळिसावे पत्र रुचिराचे होते. तिने दोन्ही रकाने सोडले होते आणि पट्टीने रेघ मारून तिसरा आखला होता. त्यात लिहिले होते, 'शिक्षिका'. पालकांच्या सहीची जागा कोरी होती.

एकेचाळीस मालक आणि एक शिक्षिका, एवढ्यावर मळा चालत नाही. निवड वस्तुनिष्ठ पद्धतीने व्हावी असे ठरले. नानांच्या दुकानात भिंतीला टेकवले की रंगाचा नंबर सांगणारे एक यंत्र आहे. भिंतीवरच्या जुन्या रंगाशी नवा जुळवायला ते वापरतात. पांढऱ्याचा नंबर एक, काळ्याचा शंभर. पन्नासच्या वर आकडा आला की गुलाम, खाली आला की मालक, असा नियम केला. यंत्र पक्षपात करत नाही, हे नानांनी बैठकीत दोनदा सांगितले.

विश्वास वाटावा म्हणून समितीने आधी स्वतःची मोजणी केली. ऋता मॅडमचा आकडा त्रेसष्ट आला. यंत्र बंद करून पुन्हा लावले, तरी त्रेसष्ट. मर्यादा पासष्टवर नेण्यात आली. मग नानांचा एकाहत्तर आला. मर्यादा पंचाहत्तर झाली. माझा अठ्ठ्याहत्तर आला आणि मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "लिहा ऐंशी. सचिव गुलाम असला तर इतिवृत्त कोण लिहिणार?" हा मोठेपणा मी विसरणार नाही.

ऐंशीच्या वर नऊ मुले निघाली. रुचिरा सोडून आठांच्या पालकांनी अपिले केली. चार मुलांनी डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणले की काळेपणा पोहण्यामुळे आलेला असून तात्पुरता आहे. तिघांचा क्रिकेटमुळे होता. एकाने सहा महिन्यांचा असतानाचा फोटो जोडला आणि 'मूळ रंग सोबत' असे लिहिले. समितीने सर्व अपिले मंजूर केली. अशा रीतीने अठरा फेब्रुवारीला आमच्या शाळेत एकही काळे मूल नाही हे कागदोपत्री सिद्ध झाले. राहिली फक्त रुचिरा.

रुचिराचा आकडा मी इथे देणार नाही. तो खासगी आहे. मस्टरमध्ये मी तो पेन्सिलीने लिहिला होता आणि नंतर खोडला.

मी तिला आमच्या डॉक्टरांकडे नेले नाही, एकटाच गेलो. त्यांनी विचारले, पोहते का? म्हटले, नाही. क्रिकेट? नाही. मग काय लिहू, असे ते वैतागून म्हणाले. मी सांगितले की गच्चीत वाचत बसते. त्यांनी लिहून दिले, 'उन्हात वाचन केल्यामुळे आलेला तात्पुरता काळेपणा. वाचन कमी करावे.'

घरी रुचिराने कागद हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. माझी बायको चेतना कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने मान वर केली नाही.

"बाबा, हे काय आहे?"

"सर्टिफिकेट. सगळ्यांनी आणलंय."

"मी तात्पुरती आहे?"

"तू नाही गं. रंग."

"मग मी बरी कधी होणार?"

मी म्हटले, चित्रपट नेटवर जाणार आहे, जगभर दिसणार आहे, आणि दहा वर्षांनी कोणी स्थळ बघताना तो उघडला तर त्यांना काय दिसेल? ती म्हणाली, "शिकवताना दिसेन ना." एवढे बोलून ती गच्चीत गेली, पुस्तक घेऊन. चेतना मग म्हणाली, "तिला कशाला बोलतोस? तुझीच भीती आहे ती."

ते खरे होते. कांदिवलीच्या चाळीत दहावीपर्यंत मला कोणी लवू म्हणून हाक मारली नाही. डांबऱ्या म्हणत. मास्तरही म्हणत आणि हजेरीला मी त्यावरच हात वर करायचो. रुचिरा झाली तेव्हा नर्स म्हणाली, मुलगी आहे, तब्येत छान आहे, आणि मग जरा थांबून म्हणाली, नाक तुमच्यावर गेलंय. ती काय बोलायचे टाळत होती ते मला कळले. मला माझ्या मुलीची लाज कधीच वाटली नाही. मला भीती वाटते. दोन्हींतला फरक तिला समजावून सांगणार होतो, पण समितीच्या बैठकीला उशीर होत होता.

त्या बैठकीत प्रश्न गंभीर होता. मालक बेचाळीस आणि गुलाम शून्य. ऋता मॅडमना वाटले, गोरेगावच्या स्टुडिओतून माणसे मागवावीत, पण शाळेच्या आवारात बाहेरची माणसे नकोत असा दुसरा नियम होता. तोडगा मी काढला, हे नम्रपणे नमूद करतो. मी सुचवले की कॅमेरा हाच गुलाम समजावा. मालक कॅमेऱ्याकडे बघून ओरडतील. प्रेक्षक गुलामाच्या डोळ्यांनी सगळे पाहील आणि गुलाम दिसण्याचा प्रश्नच उरणार नाही.

"किती संवेदनशील," ऋता मॅडम म्हणाल्या.

शर्लिन मिसनी माझ्याकडे बघितले. मग त्यांनी संहितेतल्या बाईची सगळी वाक्ये स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचे कबूल केले. बाईच्या जागी रिकामी खुर्ची दाखवायचे ठरले.

चित्रीकरण मनोरीला झाले, कारण तिथे नारळ आहेत आणि मिसचे वडील हर्बर्ट यांची वाडी फुकट होती. गुलामांना आणणाऱ्या जहाजाचा प्रसंग मार्व्याच्या फेरीबोटीवर उरकला. जहाजावर बेचाळीस मालक होते आणि ते एकमेकांना पुढे सरकायला सांगत होते. कोपऱ्यात मासळीच्या टोपल्या घेऊन चार बायका बसल्या होत्या. त्यांना चौकटीबाहेर बसायची विनंती केली, कारण काम करणारी माणसे दिसल्याने प्रसंगाचा परिणाम बिघडत होता.

वाडीत मुले उतरली तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर गॅदरिंगची हॅट, हातात छत्री आणि तोंडाला उन्हाचे क्रीम इतके होते की कोण कोणाचे ते आयांनाही ओळखू येईना. रुचिराला मी स्वतः पावडर लावली होती. तिला मालकाची भाची केले होते आणि झाडाखाली बसवले होते. बाकीचे दिवसभर कॅमेऱ्यावर ओरडत होते. कॅमेऱ्यामागे निलेश सर असल्याने तिसऱ्या तासाला त्यांनी बरे वाटत नसल्याचे सांगितले. त्यांना लिंबू सरबत देऊन पुन्हा उभे केले.

हर्बर्ट अंकल सकाळपासून ओट्यावर बसून बघत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, जाळे विणता विणता डोळे मात्र सगळीकडे. दुपारी त्यांनी मुलीला हाक मारली आणि विचारले, "आगो बाय, सगले शेटच हान. मग काम करनार कोन?"

शर्लिन मिस म्हणाल्या, "पप्पा, तेच शिकवायचंय."

शेवटचा प्रसंग कोठाराचा. हर्बर्ट अंकलच्या जाळी ठेवायच्या खोलीत फळा टेकवला होता, पुढे रिकामी खुर्ची. मालक दार ढकलून आत घुसतात आणि पाट्या फोडतात, असे होते. पाट्या फोडण्याचे काम नानांचा नातू सौरभ याला दिले होते, कारण त्याला अनुभव होता. निलेश सरांनी कॅमेरा सुरू केला. एकेचाळीस मालक दाराशी दाटीवाटीने उभे राहिले. मी मोजणी करत होतो आणि एक कमी भरत होता.

रुचिरा विहिरीवर होती. तिने बादली ओढली, तोंड खसखसून धुतले, फ्रॉकच्या बाहीला पुसले आणि हॅट विहिरीच्या कठड्यावर ठेवून आत आली. खुर्ची बाजूला केली. खडू घेतला आणि फळ्यावर अ काढला. मग दाराकडे वळून म्हणाली, "उभे का? बसा."

एकेचाळीस मालक खाली बसले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. छत्र्या मिटल्याचा आवाज झाला. रुचिराने मिसनी लिहिलेली वाक्ये म्हटली, जी तिची नव्हती आणि तरी तिला पाठ होती. "हे अक्षर कोणाच्याही मालकीचं नाही. एकदा आलं की ते कोणी परत नेऊ शकत नाही. घरात, शेतात, मार खाताना, कुठेही ते तुमचंच." सौरभ हातात काठी घेऊन मध्येच बसला होता. आता तो पाट्या फोडेल म्हणून निलेश सरांनी कॅमेरा त्याच्याकडे वळवला. त्याने काठी खाली ठेवली आणि विचारले, "मिस, मी पुढे येऊन काढू?"

हे संहितेत नव्हते. मी थांबा म्हणायला हवे होते, पण सदस्य सचिवाला तो अधिकार आहे की नाही याची खात्री नव्हती. खरे सांगायचे तर मला थांबवायचे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलीकडे उजेड कुठून पडतोय हे न बघता बघत होतो. हे मी इतिवृत्तात लिहिलेले नाही.

संध्याकाळी नानांचा फोन आला. नातवाने घरी अ काढून दाखवला होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण ते म्हणाले, "साटम, एकेचाळीस पोरं क्रीम लावून आणि मध्ये तुमची एकटी तशी. उद्या लोक तिलाच नावं ठेवतील. बाप म्हणून बघा." आवाज प्रेमळ होता, म्हणूनच मी रात्रभर तळमळलो.

दुसऱ्या दिवशी मी निलेश सरांकडे गेलो. त्यांनी तो प्रसंग संगणकावर उघडला. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, अजून थोडं करा. त्यांनी केले. मी म्हटले, अजून थोडं. आधी खडू दिसेनासा झाला, मग फळा राखाडी झाला, मग तिची हनुवटी गेली. शेवटी चेहऱ्याच्या जागी एक पांढरा गोल राहिला, त्यात दोन डोळे आणि आवाज. निलेश सर म्हणाले, "सर, आता कोणी ओळखणार नाही." मी म्हटले, आता ठीक आहे.

अठ्ठावीस तारखेला शाळेच्या सभागृहात प्रदर्शन झाले. पालक सजून आले होते. बेचाळीस मालक पडद्यावर आले, प्रत्येकाला टाळ्या पडल्या. मग कोठार आले आणि पांढरा गोल बोलू लागला. सभागृहात कुजबुज झाली, कोण आहे, कोणाची आहे. आठवी ब ची मुले मात्र गप्प होती. त्यांना माहीत होते.

रुचिरा माझ्या शेजारून उठली. मला वाटले, बाहेर चालली. ती सरळ पुढे गेली आणि पडद्याला पाठ लावून उभी राहिली, बरोबर त्या पांढऱ्या गोलाच्या ठिकाणी. वरून येणारा उजेड तिच्या तोंडावर पडला. मी तिच्यावरून काढून घेतलेले नाक, कपाळ, हनुवटी पुन्हा दिसायला लागले, आणि आवाज मागून येत होता तरी तिच्याच ओठांतून आल्यासारखा वाटत होता. ती डोळे मिचकावत होती. सौरभने टाळी वाजवली. मग त्याच्या शेजारच्याने वाजवली.

तेवढ्यात पालकांतून कोणीतरी ओरडले, "अगं, बस खाली. काही दिसत नाहीये."

ते वाक्य माझे होते.

पाटी मिळाली. संस्थेने पत्रात लिहिले की राबणाऱ्या माणसांना संपूर्ण अदृश्य ठेवून त्यांच्यावरील अन्याय इतक्या धाडसाने आजवर कोणी दाखवला नव्हता, आणि शिक्षिकेला चेहरा नाकारण्याची कल्पना तर त्यांनी इतर शाळांना आदर्श म्हणून कळवली आहे. कल्पना कोणाची, असे त्यांनी विचारले आहे. उत्तराच्या मसुद्यावर माझी सही व्हायची आहे. शर्लिन मिसनी नववीच्या वर्गासाठी पुन्हा आठ चित्रपटांची यादी दिली आहे. ती फाइलमध्ये आहे.

हा सगळा अहवाल मी छापायला देण्यापूर्वी रुचिराला वाचायला दिला. एवढे मला तिच्याकडून शिकता आले, असे समजा. तिने शेवटपर्यंत वाचला आणि एकच गोष्ट विचारली.

"बाबा, माझा आकडा का नाही लिहिलास?"

मी म्हटले, वाचणाऱ्यांनी तुला रंगावरून मोजू नये म्हणून.

"ते मोजणारच ना. आकडा नाही दिसला की स्वतःच लावतील."

यावर समितीत चर्चा होऊ शकली नाही, म्हणून मी थेट आपल्याला विचारतो. मस्टरमधला आकडा मी खोडला त्या ओळीपासून आपण माझ्या मुलीच्या गालाला यंत्र लावून बसला आहात. 'इतकीही नसेल', असे काहींनी मनात म्हटले असेल, आणि 'बिचारी', असे काहींनी. आपला आकडा आला असेल. तो शेवटच्या कोऱ्या पानावर लिहावा. नाव लिहायची गरज नाही, खाली सही मी करीन.